वेळू कोणीं तोडला?

घर म्हणजे काय, हा प्रश्न ज्याला घर आहे त्याला सहसा पडत नाहीं. तो पडतो घर सुटलेल्याला. आणि त्याला तो पडतो तेव्हां उत्तर देत बसण्यास त्याला उसंत नसते. त्यामुळें या प्रश्नाचीं उत्तरें जगांत बहुधा तिसऱ्यानेंच दिलेलीं आढळतात. कवि, गायक, तत्त्वज्ञ आणि अलीकडे रंगमंचावरील पडद्यावर चित्रें हलविणारे कलावंत हे ते तिसरे होत. गेल्या हिवाळ्यांत अशाच एका प्रयोगास हजर राहण्याचा योग आम्हांस मुंबईंत आला. त्या संध्याकाळीं आम्हांस जो आनंद झाला, आणि त्या आनंदाबद्दल परततांना आमच्या मनांत जो संकोच उत्पन्न झाला, त्या दोहोंचा हिशेब मांडावा एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रयोग होता एकट्या बासरीचा. वादिका परदेशांत स्थायिक झालेली. वाद्य युरोपीय पद्धतीचें, धातूचें. साथीस माणूस कोणीहि नाहीं. मागें पांढरा पडदा, दोहों बाजूंस ध्वनिवर्धक, आणि पायाशीं एक कळ. तिच्यावर पाऊल ठेवतांच आधीं मुद्रित करून ठेवलेले आवाज उठत. अशा संमिश्र प्रयोगास हल्लीं 'मल्टिमीडिया' म्हणतात. विषय 'घर आणि स्थलांतर' हा. आरंभीं क्लोद दब्यूसी या फ्रेंच संगीतकाराची १९१३ सालची 'सिरिंक्स' ही छोटी रचना झाली. मध्यें कोरियाच्या इसांग युन याच्या एकल बासरीच्या रचनांपैकीं एक झाली. आणि शेवटीं स्वतः वादिकेनें रचलेला एक दीर्घ भाग झाला. त्यांत निरनिराळ्या देशांतील निर्वासितांचे आवाज ऐकूं येत. पडद्यावर तंबू, होड्या, आगगाडीचे रूळ, मोडकीं दारें अशीं चित्रें सरकत. आणि बासरी त्या आवाजांच्या चढउतारांस धरून कधीं त्यांच्या मागून, कधीं पुढून चाले. हातीं दिलेल्या पत्रकांत या सर्वाचें तात्पर्य सांगितलें होतें. तें असें कीं, घर ही जागा नव्हे. तें माणसाच्या श्वासांत असतें, आणि म्हणून तें कोणालाहि हिरावून घेतां येत नाहीं.

प्रथम आनंदाविषयीं. आमचा कान तंबोऱ्यावर पोसलेला. आमच्या संगीतांत गवई कितीहि दूर गेला तरी षड्ज मागें जागा असतो. गाणारा घर सोडून निघतो, रानावनांत हिंडतो. पण अंगणांतला दिवा कोणीतरी तेवत ठेविला आहे हें त्याला आणि आपल्यालाहि ठाऊक असतें. षड्जावर परतण्याचा आनंद हा खरोखर घरीं परतण्याचाच आनंद होय. त्या संध्याकाळीं तंबोरा नव्हता. बासरीचा पहिला स्वर उठला तो आपण कोठून निघालों आणि कोठें जावयाचें आहे याचा पत्ता न देतां. आधारस्वर श्रोत्यानेंच स्मरणांत धरून ठेवावा, आणि चार पावलांनंतर तोहि निसटावा, अशी ती अवस्था होती. घर नसणें म्हणजे काय हें पडद्यावर एकहि चित्र उमटण्यापूर्वीं त्या वाद्यानें आमच्या कानांस सांगितलें, हें आम्ही मोकळेपणानें कबूल करतों.

याचें कारण वाद्याच्या घडणींतच आहे. तंतुवाद्याची तार छेडल्यावर स्वर कांहीं काळ आपल्या बळावर जगतो. बासरीच्या स्वरास श्वासाचा पुरवठा थांबला कीं तो तत्काळ संपतो. शिवाय ती फुंक सबंध आंत जातहि नाहीं. मुखरंध्राच्या कडेवर ती आपटते आणि क्षणांत आंत, क्षणांत बाहेर अशी एका सेकंदांत शेंकडों वेळां झुलते. या झुलण्यांतूनच नाद जन्मतो. सगळी फुंक आंत गेली तर स्वर नाहीं, सगळी बाहेर गेली तरीहि नाहीं. उंबरठ्यावर ताटकळलेल्या माणसाची स्थिति याहून फारशी निराळी नसते. परागंदा माणसाचें मन सांगण्यास जगांतील अनेक समाजांनीं बासरीचीच निवड कां केली असावी, याचें थोडेंसें उत्तर येथें मिळतें असें आम्हांस वाटतें.

आतां संकोचाविषयीं. शेवटच्या भागांत एका वृद्धेचा आवाज होता. तिची भाषा आम्हांस कळत नव्हती. पडद्यावर भाषांतर उमटत होतें. ती आपल्या मागील दारच्या विहिरीविषयीं सांगत होती. वाक्याच्या शेवटीं तिचा आवाज जेथें खालीं बसे, तेथून बासरी तो उचली. आमचे डोळे भरून आले. शेजारींहि तीच स्थिति होती. मग दिवे लागले, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि पांच मिनिटांत आम्ही सर्वजण चहाचे पेले हातीं घेऊन वादिकेच्या दमसासाची वाखाणणी करूं लागलों. त्या वृद्धेचें गांव कोणतें, तें कोणत्या सालीं गेलें, कोणीं घेतलें, ती आतां कोठें असते, यांपैकीं एकहि गोष्ट आम्हांस कोणीं सांगितली नव्हती. आणि खरें बोलावयाचें तर ती आपणांस ठाऊक नाहीं हें त्या वेळीं कोणाच्या ध्यानांतहि आलें नाहीं. विहीर तेवढी सर्वांच्या लक्षांत राहिली.

रूसोनें १७५८ सालीं द'आलांबेर यास लिहिलेल्या पत्रांत नाटकगृहांतील अश्रूंवर असाच आक्षेप घेतला होता. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा कीं, रंगभूमीवरील दुःखासाठीं रडून प्रेक्षकास माणुसकीचें देणें फिटल्याचें समाधान मिळतें. खरें दुःख मात्र त्याच्यापाशीं श्रम मागतें, पैसा मागतें, वेळ मागतें, म्हणून तो त्याच्या वाटेस जात नाहीं. रूसोपुढें कल्पित राजेराण्यांचीं दुःखें होतीं. आमच्यापुढील वृद्धा कल्पित नव्हती. तेव्हां आक्षेप सौम्य न होतां अधिकच तीव्र होतो. दुसऱ्याच्या बेघरपणाचें सुंदर संगीत करणें, आणि तें ऐकून सुखावणें, हें नीतीला धरून आहे काय?

उत्तराचा शोध पत्रकांतील त्या वचनापासूनच घेऊं. घर श्वासांत असतें, हें वाक्य कोणाच्या तोंडीं शोभतें? घर सुटलेलीं माणसें एकाच जातीचीं नसतात. पहिला वर्ग स्वेच्छेनें निघालेल्यांचा. कोंकणांतलें खेडें सोडून पोटासाठीं पुण्यास आलेला आमच्यासारखा मास्तर या वर्गांत येतो. शिक्षणासाठीं विलायतेस किंवा अमेरिकेस गेलेलीं आमचीं मुलेंहि येतात. या माणसांस घराची आठवण येते, ती खरीहि असते. पण किल्ली त्यांच्या खिशांत असते, आणि न परतण्याचा निर्णय त्यांचा स्वतःचा असतो. दुसरा वर्ग अधिक चमत्कारिक आहे. यांत माणूस हलत नाहीं किंवा सुखानें हलतो, आणि मागें त्याचें घरच परकें होतें. आमच्याकडील बांबूच्या बासरीस मैफलींत मानाचें स्थान मिळवून देणारे पन्नालाल घोष १९११ सालीं बारिसाल येथें जन्मले. लांब, खर्जांत बोलणारी बासरी त्यांनीं घडविली आणि तिच्यावर ख्यालाचा विस्तार शक्य करून दाखविला. उपजीविकेसाठीं ते कलकत्त्यास आणि नंतर मुंबईस आले, ते कोणाच्या जबरदस्तीनें नव्हे. परंतु १९४७ सालीं रेघ आंखली गेली आणि बारिसाल पलीकडे राहिलें. १९६० सालीं ते वारले तेव्हां त्यांचें जन्मगांव पाकिस्तानांत होतें, आणि आज तें बांगला देशांत आहे. माणूस तोच, नदी तीच. त्यांच्या मधून सीमा गेली.

तिसरा वर्ग उठविलेल्यांचा. युद्धानें, धर्मद्वेषानें, धरणानें, खाणीनें किंवा सरकारी हुकुमानें ज्यांस चुलीवरचें भांडें उतरवून निघावें लागलें ते हे लोक. निर्वासितांसाठीं नेमलेल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या कचेरीच्या अहवालाप्रमाणें २०२४ सालच्या अखेरीस जगांत बळजबरीनें घर सोडावें लागलेल्यांची संख्या १२ कोटि ३२ लाख होती. त्यांपैकीं ७ कोटि ३५ लाख माणसें देशाची सीमा न ओलांडतां स्वतःच्याच देशांत परकीं झालेलीं होतीं. आणि युद्ध व छळ यांखालीं सांपडलेल्यांचीच ही गणना. धरणांनीं व खाणींनीं उठविलेले या आंकड्याच्या बाहेरच आहेत.

जेथें श्वास तेथें घर, हें पहिल्याचें शहाणपण आहे. दुसऱ्याचें तें सांत्वन होऊं शकतें. तिसऱ्यास तें ऐकविणें म्हणजे त्याच्या हातांतील दाव्याचा कागद हळूच काढून घेण्यासारखें आहे. कारण घर जर श्वासांतच असेल, तर घर घेणारानें घेतलें तरी काय? यावर कोणी म्हणेल कीं, आमच्या साधुसंतांनींहि घरादाराचा मोह सोडण्यास सांगितलें आहे, हा देह भाड्याचा असें म्हटलें आहे. म्हटलें आहे खरें. परंतु त्यांनीं तें स्वतःच्या घराविषयीं म्हटलें. वैराग्य ज्याचें त्यानें आपल्या वस्तूपुरतें बोलावें. दुसऱ्याच्या जप्त झालेल्या घरासमोर उभें राहून बोललेलें वैराग्य हें जप्ती करणाराच्याच कामीं येतें.

आमच्या साहित्यशास्त्रांत या विषयास लावतां येण्याजोगा एक भेद आहे. विप्रलंभ शृंगार आणि करुण यांचीं अश्रु, निःश्वास, कृशता हीं बाह्य लक्षणें पुष्कळशीं सारखीं असतात. पण भरतानें विप्रलंभास सापेक्ष आणि करुणास निरपेक्ष म्हटलें आहे. पहिल्यांत पुनर्भेटीची आशा असते, दुसऱ्यांत ती उरलेली नसते. घर सुटण्याविषयींचें बहुतेक संगीत विप्रलंभाच्या चालीवर चालतें. घर हें प्रिय, आपण विरही, आणि मध्यें दुस्तर अंतर. यांत माधुर्य आहे आणि ओढहि आहे. परंतु विरहांत दोघेच असतात. विस्थापनांत तिघे असतात. एक निघालेला, एक मागें राहिलेलें घर, आणि एक ज्यानें निघावयास लावलें तो. या तिसऱ्याला रसांत जागाच नसते. विस्थापनास विरहाचा वेष चढविला कीं तिसरा गडी रंगमंचावरून निघून जातो, आणि आपल्याला त्याचें जाणें कळतहि नाहीं.

याचें मूळ थोडें खोल आहे. भट्टनायकानें मांडलेला आणि अभिनवगुप्तानें पुढें नेलेला साधारणीकरणाचा सिद्धांत असें सांगतो कीं, काव्यांतील भाव हा माझा, त्याचा, मित्राचा, शत्रूचा अशा संबंधांतून सुटल्याखेरीज आस्वाद्य होत नाहीं. शकुंतला ही दुष्यंताची शकुंतला न राहतां केवळ स्त्री होते, म्हणून आपण तिच्याशीं तन्मय होऊं शकतों. हा सिद्धांत आम्ही वर्षानुवर्षें विद्यार्थ्यांस शिकवीत आलों आहों, आणि तो खोटा आहे असें आजहि आमचें म्हणणें नाहीं. परंतु त्या संध्याकाळीं आमच्या लक्षांत आलें कीं, साधारणीकरण एकट्या कवीलाच येतें असें नाहीं. कचेरींतील दप्तरालाहि तें येतें. अमुक कुटुंबाची अमुक ओढ्याकांठची जमीन ही दप्तरांत 'बाधित क्षेत्र' होते. विहीर, गोठा, दारचा फणस यांचा मिळून एक आंकडा होतो. माणसाचा 'लाभार्थी' होतो. दप्तर विशेषाचा लोप करतें तो सोयीसाठीं, आणि कलावंत करतो तो सौंदर्यासाठीं. हेतु कितीहि भिन्न असोत, त्या वृद्धेच्या दृष्टीनें परिणाम एकच होतो: तिच्या गांवाचें नांव दोन्हीकडून पुसलें जातें.

आतां बासरीविषयींच्या जुन्या कथांकडे वळूं. कारण जें आम्ही लांबणीनें सांगत आहों तें त्यांत थोडक्यांत आलेलें आहे. जलालुद्दीन रूमी याच्या 'मसनवी'चा आरंभ बासरीच्या तक्रारीनें होतो, हें प्रसिद्ध आहे. वेताच्या बनापासून तुटल्यामुळें ती रडते आहे, आणि तिचें रडणें ऐकून ऐकणारेहि रडतात. रूमी स्वतः बल्खकडच्या मुलखांतला. १२०७ सालीं जन्मलेला हा मुलगा बापाबरोबर देशोदेशीं हिंडत शेवटीं कोन्या येथें स्थिरावला. तोडणाराचें नांव त्याची बासरी सांगत नाहीं. परंतु तिला तें सांगण्याचें कारणहि नाहीं. तिचें बन म्हणजे परमेश्वर; आणि त्याच्यापासूनचा वियोग हा सर्व जीवांस समान आहे. तेथें साधारणीकरण यथार्थ आहे, कारण दुःखच साधारण आहे.

ग्रीक कथेंत मात्र तोडणारा आहे. सिरिंक्स नांवाच्या वनदेवतेच्या मागें पॅन हा बोकडपायांचा देव लागला. ती जीव घेऊन पळाली, आणि नदीकांठीं वाट खुंटली तेव्हां बहिणींच्या कृपेनें तिचे वेत झाले. पॅननें मिठी मारली ती वेतांस. त्याचा सुस्कारा त्या वेतांतून घुमला. तो नाद त्याला इतका आवडला कीं, ते वेत मेणानें सांधून त्यानें बासरी केली. रोमन कवि ओव्हिड यानें ही कथा सांगितली आहे, आणि दब्यूसीची रचना या पॅनच्याच बासरीची. एका नाटकांत पडद्याआडून वाजविण्यासाठीं ती लिहिली गेली. रचना अतिशय मधुर आहे. पण कथेचा अर्थ लक्षांत घ्यावा. जिचें रूप आणि ठिकाण दोन्ही सुटलीं, ती बोलत नाहीं. ज्याच्या भयानें सुटलीं, तोच तिच्यांतून आपला विरह वाजवितो. आणि श्रोते हळहळतात तेहि पॅनसाठींच.

आमच्या गोकुळाची कथा तिसऱ्या प्रकारची आहे. कृष्ण मथुरेस गेला तो पुन्हां मुरली वाजवीना, ती तो गोकुळांतच ठेवून गेला, असें लोकपरंपरा सांगते. आमचा पंढरीचा पांडुरंगहि कटीवर हात ठेवून उभा आहे. त्याच्या ओंठीं मुरली नाहीं. हा विरह आमच्या भक्तिकाव्याचा प्राण आहे. परंतु भागवतांतील गोपींनीं एक गोष्ट केली, ती आम्हीं फारशी ध्यानांत घेतलेली नाहीं. रथ निघतांना त्या केवळ रडल्या नाहींत. ज्यानें रथ आणला त्याचें नांव त्यांनीं घेतलें. असलें निष्ठुर कर्म करणारास अक्रूर हें नांव शोभत नाहीं, असें त्यांनीं त्याला स्पष्ट सुनावलें. विरह पूर्ण, रस पूर्ण, आणि तरीहि आरोप शाबूत. काव्यानें हें साधतां येतें याचा हा पुरावा होय.

संगीतास हें साधतें काय? त्या दिवशीं वाजविलेल्या दुसऱ्या रचनेचा कर्ता इसांग युन याचें चरित्र पत्रकांत दोन ओळींत आटोपलें होतें, आणि तो 'दोन संस्कृतींमधील सेतु' होता असें त्यांत म्हटलें होतें. सेतु हा शब्द फार सभ्य आहे. युन १९१७ सालीं कोरियांत जन्मला आणि समुद्रकांठच्या तोंगयोंग गांवीं वाढला. त्याच्या तरुणपणीं देशावर जपानची सत्ता होती. त्या सत्तेनें त्याला तुरुंगांत टाकलें. १९५६ सालीं तो शिक्षणासाठीं युरोपांत गेला, म्हणजे आमच्या पहिल्या वर्गांतला प्रवासी म्हणून गेला. १९६७ सालीं दक्षिण कोरियाच्या गुप्त पोलिसांनीं त्याला पश्चिम बर्लिनमधून पळवून सेऊल येथें नेलें, हेरगिरीच्या आरोपावरून जन्मठेप ठोठावली, आणि जगभरच्या संगीतकारांनीं आवाज उठविल्यावर १९६९ सालीं सोडलें. तुरुंगांत असतांना त्यानें एक संगीतिका पुरी केली. पुढें तो जर्मन नागरिक झाला, आणि १९९५ सालीं बर्लिन येथें वारला. सुटकेनंतर जन्मगांव त्याला पुन्हां दिसलें नाहीं. २०१८ सालीं त्याचे अवशेष तोंगयोंग येथें आणून समुद्राच्या दृष्टीसमोर पुरण्यांत आले. म्हणजे घरीं परतावयास त्याला मरणानंतरहि तेवीस वर्षें लागलीं.

या युनचें स्वराविषयीं एक मत होतें. युरोपीय स्वर हा पेन्सिलीच्या रेघेसारखा आहे, आणि पूर्वेकडील स्वर हा कुंचल्याच्या फटकाऱ्यासारखा आहे, असें तो म्हणे. एकच स्वर उमटतो, जाड होतो, कांपतो, झुकतो, विरतो. त्याचें सारें आयुष्य त्याच्या आंतच असतें. मींडेवर वाढलेल्या आमच्या कानास हें समजावून सांगावें लागत नाहीं. त्याची रचना चालू असतांना आम्ही तो एक स्वर कसा टिकाव धरतो हें ऐकत होतों. पण तो कोणाविरुद्ध टिकाव धरतो आहे, हें आम्हांस घरीं येऊन वाचल्यावर कळलें. आणि कळल्यावर तीच रचना पुन्हां ऐकली तेव्हां ती अधिक सुंदर वाटली, कमी नव्हे. विशेषाच्या ज्ञानानें रसभंग होतो हें आमचें भय निदान या ठिकाणीं खोटें ठरलें.

दुसऱ्यांचे मुद्रित आवाज वापरण्याच्या बाबतींतहि एक चांगला दाखला आहे. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यानें १९८८ सालीं 'डिफरंट ट्रेन्स' ही रचना केली. ती बासरीची नव्हे, तंतुवाद्यांची आहे. पण तिची रीत तीच. नाझींच्या संहारांतून वांचलेल्या ज्यूंचे आवाज त्यानें घेतले आणि त्यांच्या बोलण्याच्या चढउतारांतून स्वरावली काढल्या. मात्र त्यानें आरंभ स्वतःपासून केला. १९३९ ते १९४२ या काळांत तो लहान मुलगा होता, आणि आईबाप विभक्त झाल्यामुळें न्यूयॉर्क व लॉस एंजेलिस यांच्या दरम्यान आगगाडीनें येत जात असे. आपण ज्यू आहों. त्याच वर्षीं आपण युरोपांत असतों तर निराळ्याच गाड्यांत बसविले गेलों असतों, हा विचार त्या रचनेचें बीज आहे. तो दुसऱ्याच्या दुःखाच्या मध्यभागीं जाऊन उभा राहिला नाहीं. त्या वेळीं आपण कोठें होतों हें त्यानें आधीं सांगितलें.

हा दाखला आठवला आणि आम्हीं तोच प्रश्न स्वतःस विचारला. त्या सभागृहांत पडद्यावर दूरदेशच्या निर्वासितांचीं चित्रें उजळत होतीं, तेव्हां आम्ही कोठें होतों? मुंबईंत. तो पडदा कशानें उजळला होता? विजेनें. आणि मुंबईच्या विजेंत सह्याद्रीवर कोंडलेल्या पाण्याचा वाटा शंभर वर्षांपासून आहे. त्या पाण्यापैकीं एक मुळशीचें. आंबेमोहोर पिकविणाऱ्या त्या खोऱ्यांतील सुमारें पन्नास गांवांवर धरणाचें संकट आलें, तेव्हां मावळच्या शेतकऱ्यांनीं १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे पुढारी. बापटांस 'सेनापति' हें नांव याच लढ्यानें दिलें. १९२४ पर्यंत लढा टिकला आणि मोडला. ज्यांच्याकडे जमिनी गहाण होत्या ते सावकार मोबदल्यावर राजी झाले, आणि त्यांत पुण्याचे पुष्कळ होते. जे कसत होते ते उठले. घाटाखालीं भिरा येथें वीजगृह उभें राहिलें. त्या खोऱ्यांतल्या एखाद्या म्हातारीच्याहि मागील दारीं विहीर असेल. तिच्यावर आज पाणीच आहे, पण तें तिचें नव्हे.

हें लिहिण्यांत त्या वादिकेस दोष देण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. दोष असलाच तर तो टाळ्या वाजविणारांचा. शिवाय एक आक्षेप आम्ही स्वतःच घेऊन ठेवतों. कला म्हणजे अर्जी नव्हे. बासरीनें निवाडे देऊं नयेत. दर मैफलीनंतर वर्गणीची पेटी फिरूं लागली तर संगीत मरेल. कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला, हा वाद आमच्याकडे एके काळीं फार गाजला, आणि तो येथें पुन्हां उकरण्याची आमची इच्छा नाहीं. आम्ही एवढेंच म्हणतों कीं, नुसती बासरी वाजली असती तर आम्ही हा प्रश्न काढलाच नसता. एकटा स्वर कोणाचें नांव घेऊं शकत नाहीं, आणि त्याच्याकडून ती अपेक्षाहि नाहीं. परंतु ज्यानें पडदा आणला, माणसांचे चेहरे आणले, त्यांचे आवाज आणले, त्यानें साक्षीदार बोलाविले आहेत. साक्षीदारास रडावयास लावून हकीकत न विचारतां परत पाठविणें हें कोणत्याहि न्यायांत बसत नाहीं. साक्षीदाराच्या जिवास धोका असेल तर त्याचें नांव जरूर झांकावें. पण गांवाचें, सालाचें आणि कारणाचें नांव झांकण्यानें धोका त्याचा टळत नाहीं, अवघडलेपण आपलें टळतें.

किंबहुना या नव्या साधनांचा खरा उपयोग येथेंच आहे असें आमचें मत आहे. बासरीला जें करतां येत नाहीं तें पडद्यानें करावें. बासरी जें करते तेंच पडद्यानें दुसऱ्यांदा करूं नये. धुकें, लाटा, रिकामी वाट हें सर्व बासरीनें आधींच दाखविलेलें असतें. पडद्यावर हवा नकाशा, हवी तारीख, हवें गांवाचें नांव, हवा तो हुकूम, ज्याच्यावर कोणाची तरी सही आहे. त्यांच्या शेजारीं तो निराधार स्वर उमटूं द्यावा. मग तो स्वर आपल्याला रडवील कीं नाहीं हें सांगतां येत नाहीं. पण रडवलेंच, तर तें रडणें चहाच्या पेल्यांत विरघळून जाणार नाहीं.

आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर आम्ही असें देतों. दुसऱ्याच्या बेघरपणाचें संगीत करणें अनीतीचें नाहीं. तें न केल्यास तें बेघरपण नुसत्या आंकड्यांतच राहील, आणि आंकडा कोणाच्या कानांत घुमत नाहीं. अनीति तेव्हां शिरते, जेव्हां वेळू तोडणाराचें नांव वगळून वेळूचें रडणें तेवढें ठेवलें जातें. आणि ऐकणाराचें कर्तव्य त्याहून एक पाऊल पुढें आहे. वेळू कोणीं तोडला, एवढें विचारून त्यानें थांबूं नये. त्याची बासरी होऊन ती आपल्या करमणुकीस कशी आली, हेंहि विचारावें.

त्या रात्रीं पुण्याकडे परततांना गाडी घाट चढूं लागली. डाव्या उजव्या अंगास अंधार होता, आणि मागें मुंबईचे दिवे बराच वेळ दिसत होते. डब्यांत कोणी झोंपलें होतें, कोणी कानांत कांहीं ऐकत होतें. आम्हीं पत्रक पुन्हां उघडून पाहिलें. वादिकेचें शिक्षण, तिचे सन्मान, साहाय्यकांचीं नांवें हीं सर्व होतीं. त्या वृद्धेचें नांव आणि गांव नव्हतें. घरीं पोंचल्यावर आम्हीं वादिकेस पत्र लिहून तें विचारलें आहे. उत्तराची वाट पाहात आहों.